लॉब्कोवित्सचे सातशे गुल्डन

बेथोव्हनच्या छापील रचनांची अर्पणपृष्ठे एकामागून एक पाहत गेले तर एक नाव पुन्हा पुन्हा भेटते. १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेली पहिली सहा क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हियोला आणि एक चेलो यांच्यासाठी लिहिलेल्या रचना, त्या नावाला अर्पण आहेत. तिसरी सिंफनी, म्हणजे 'एरोइका', त्याच नावाला. व्हायोलिन, चेलो आणि पियानो यांचा 'ट्रिपल कन्चेर्टो' त्यालाच. पाचवी आणि सहावी सिंफनी त्या नावाला आणि काउंट रझुमोव्हस्की यांना मिळून. १८०९ मधले 'हार्प' या टोपणनावाने ओळखले जाणारे क्वार्टेट, आणि सगळ्यांत शेवटी, १८१६ मधली 'दूरच्या प्रियेस' ही सहा गीतांची माला. ते नाव आहे राजपुत्र योझेफ फ्रान्त्स मॅक्सिमिलियन लॉब्कोवित्स. इतक्या थोर रचनांच्या उंबरठ्यावर उभा असलेला हा माणूस वाचकांच्या आणि श्रोत्यांच्या लक्षात मात्र राहत नाही. अर्पणपत्रिका हा पुस्तकाचा असा भाग आहे की जो सर्वांना दिसतो आणि कोणीही वाचत नाही.

बेथोव्हनच्या चरित्रांतून लॉब्कोवित्स येतो तो प्रामुख्याने तीन प्रसंगी. तो काही रचना विकत घेतो, १८०९ मध्ये एका करारावर सही करतो, आणि दोन वर्षांनी त्या करारातले पैसे देणे थांबवतो. तिसऱ्या प्रसंगाची छाया पहिल्या दोहोंवर पडते, आणि बोलघेवडा, पण शब्द न पाळणारा सरदार अशी त्याची प्रतिमा उरते. ही प्रतिमा मुख्यतः बेथोव्हनच्या तक्रारींतून तयार झालेली आहे. ज्याच्या तक्रारी जपून ठेवल्या जातात तो धनको, आणि ज्याचे हिशेब गोणपाटात बांधून दप्तरखान्यात पडतात तो ऋणको, असा सामना असेल तर निकाल काय लागणार हे सांगायला नको. गेल्या काही दशकांत अभ्यासकांनी लॉब्कोवित्स घराण्याची कागदपत्रे बारकाईने तपासली आहेत, आणि त्यामुळे या माणसाकडे नव्याने पाहणे शक्य झाले आहे.

प्रथम एका शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. 'प्रिन्स' म्हणजे राजाचा मुलगा, असे आपण धरून चालतो. लॉब्कोवित्स तसा राजपुत्र नव्हता. जर्मन भाषेत 'फ्युर्स्ट' म्हणतात तसला तो होता. हॅब्सबर्ग सम्राटाच्या दरबारातील वरच्या थरातला, मोठ्या वंशपरंपरागत मिळकतीचा धनी. आपल्या भाषेत सरदार आणि संस्थानिक यांच्या मधे कुठे तरी त्याची जागा लागेल. घराणे बोहेमियातले. रौदनित्से, नेलाहोझेवेस, येझेर्झी येथे वाडे, प्रागच्या किल्ल्यात एक, आणि व्हिएन्नात सम्राटाच्या प्रासादापासून जवळच एक. यांपैकी येझेर्झी, ज्याचे जर्मन नाव आयझेनबेर्ग, याच्याशी संगीताचा संबंध जुना होता. तिथल्या जंगलाचा कारभार एका वनाधिकाऱ्याकडे होता आणि त्याचा मुलगा क्रिस्टोफ विलिबाल्ट ग्लुक पुढे लॉब्कोवित्सांच्याच आधाराने व्हिएन्नात आला आणि युरोपीय ऑपेराचे रूप पालटून गेला. संगीत पोसण्याची सवय या घराला अशी रक्तातूनच होती.

योझेफ फ्रान्त्सचा जन्म ७ डिसेंबर १७७२ चा. वडील १७८४ मध्ये वारले तेव्हा त्याची बारा वर्षेही पुरी झाली नव्हती. १७९२ मध्ये श्वार्त्सेनबेर्ग घराण्यातील मारिया कारोलिनाशी विवाह झाला. त्यांना बारा मुले झाली. तो पायाने अधू होता, लंगडत चाले. व्हायोलिन वाजवी, चेलो वाजवी, आणि आवाज खर्जाचा असल्याने घरच्या मैफलींत बास गायकाची जागा स्वतः घेई. हौशी सरदार त्या काळी व्हिएन्नात पुष्कळ होते. परंतु आपल्या पदरी वादकांचा कायमचा ताफा ठेवायचा, त्याच्यावर आंतोन व्रानित्स्कीसारखा कसलेला संगीतकार प्रमुख नेमायचा, आणि उन्हाळ्यात बोहेमियातल्या वाड्यांवर जाताना तो ताफा बरोबर न्यायचा, ही हौस सगळ्यांना परवडणारी नव्हती. पुढे सिद्ध झाले की त्यालाही ती परवडणारी नव्हती.

या घराचे वर्णन समकालीनांनी केले आहे. १८०८-०९ च्या हिवाळ्यात व्हिएन्नात असलेला बर्लिनचा संगीतकार आणि लेखक योहान फ्रीडरिश रायशार्ट लिहितो की लॉब्कोवित्सचा वाडा म्हणजे संगीताचे खरे निवासस्थान आणि विद्यापीठच होते. दिवसाच्या कोणत्याही वेळी तिथे तालीम करता येई आणि वेगवेगळ्या दालनांत एकाच वेळी वेगवेगळ्या तालमी चाललेल्या असत. काउंटेस लुलू थ्युर्हाइमने आपल्या आठवणींत त्याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवली आहे. तिच्या मते राजपुत्र मुलासारखा निर्मळ मनाचा, आणि संगीताचा वेडा, तोही अत्यंत खुळा वेडा होता. पहाटेपासून रात्रीपर्यंत त्याला दुसरे काही सुचत नसे, आणि वादकांवर त्याने प्रचंड संपत्ती उधळली. रायशार्ट पाहुणा होता, काउंटेस त्याच समाजातली होती. एकाला दालने दिसली, दुसरीला खर्च दिसला.

आता 'विकत घेणे' म्हणजे नेमके काय, ते पाहू. कारण या व्यवहाराची रीत नीट कळल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळणार नाही. १७९९ च्या सुमारास लॉब्कोवित्सने वृद्ध हायडनकडे आणि त्याचा एके काळचा शिष्य असलेल्या तरुण बेथोव्हनकडे एकाच वेळी क्वार्टेटची मागणी केली. हायडन थकला होता. त्याच्याकडून दोनच रचना पुऱ्या झाल्या आणि त्या १८०२ मध्ये लॉब्कोवित्सला अर्पण होऊन छापल्या गेल्या. बेथोव्हनने सहाच्या सहा दिल्या, आणि तीन-तीन रचनांबद्दल दोनशे-दोनशे गुल्डन त्याला मिळाले. या मोबदल्यात राजपुत्राला मिळे ती रचनेची मालकी नव्हे, तर काही महिन्यांचा एकाधिकार. ठरलेली मुदत संपेपर्यंत ती रचना त्याच्या घरीच वाजे. मुदत संपली की संगीतकार ती प्रकाशकाला विकायला मोकळा. एकच कृती दोनदा विकली जाई. या रीतीकडे सरंजामी लहर म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. प्रत्यक्षात त्या मधल्या काही महिन्यांत कृतीला एक फार मोठी गोष्ट मिळे: ती छापली जाण्यापूर्वी, समीक्षकांच्या तावडीत सापडण्यापूर्वी, चांगल्या वादकांकडून पुन्हा पुन्हा वाजवली जाई, आणि कर्त्याला ती ऐकायला मिळे.

'एरोइका'च्या बाबतीत हे निर्णायक ठरले.

१८०३ च्या ऑक्टोबरात बेथोव्हनचा शिष्य फेर्डिनांड रीस याने बॉनच्या झिमरोक या प्रकाशकाला कळवले की गुरुजींची नवी सिंफनी बोनापार्टला अर्पण करण्याची फार इच्छा आहे. परंतु लॉब्कोवित्स तिच्यासाठी चारशे गुल्डन देऊन सहा महिन्यांचा हक्क मागत आहे, तेव्हा तसे झाले तर अर्पण त्याला आणि नाव तेवढे बोनापार्टचे. पुढची गोष्ट सर्वश्रुत आहे. १८०४ च्या मे महिन्यात नेपोलियनला सम्राट घोषित केले गेले, रीसने ती बातमी आणली, आणि संतापलेल्या बेथोव्हनने मुखपृष्ठ टरकावले. उपलब्ध असलेल्या एका प्रतीवर बोनापार्टचे नाव इतक्या जोराने खरवडले आहे की कागदाला भोक पडले आहे. क्रांतीच्या स्वप्नाचा भंग, कलावंताचा स्वाभिमान, अशा थाटात ही कथा वर्गावर्गांतून सांगितली जाते, आणि ती खोटी नाही. पण रीसचे पत्र शेजारी ठेवले की त्या कथेला थोडी वेगळी चव येते. संताप येण्याच्या सात महिने आधीच अर्पणाचा प्रश्न चारशे गुल्डनांशी जोडला गेला होता. यात बेथोव्हनला हिणवण्याजोगे काही नाही. घरभाडे भरणारा माणूस होता तो.

त्याच १८०४ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला लॉब्कोवित्सच्या व्हिएन्नातील वाड्यात या सिंफनीच्या तालमी झाल्या. त्या दालनाला आज 'एरोइका दालन' म्हणतात आणि वाड्यात रंगभूमीचे संग्रहालय आहे. भव्य सार्वजनिक सभागृहाच्या मानाने दालन लहानच. या सिंफनीला नेहमीच्या दोनाऐवजी तीन हॉर्न लागतात, म्हणून जादा वादक बाहेरून बोलवावे लागले. त्यांच्या बिदागीचा भार राजपुत्राच्या खजिन्यावर. त्या काळी अर्ध्या तासाची सिंफनी म्हणजे लांबलचक समजली जाई. ही पाऊण तासाच्याही पुढे जाणारी. स्वतः बेथोव्हन समोर उभा राहून चालवत होता, आणि पहिल्याच भागाच्या उत्तरार्धात, जिथे ठोके सरळ न पडता सतत मधल्या जागांवर पडतात, तिथे त्याने सगळ्या वाद्यवृंदाला असे चकवले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. हे रीसने सांगितले आहे.

त्यानेच सांगितलेली दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. पहिल्या भागात मूळ विषय परत येण्याच्या अगदी आधी व्हायोलिने हळुवारपणे एका स्वरसंवादात रेंगाळत असतात. श्रोत्याला ठाऊक असते की आता क्षणभराने ते मूळ घरी परततील. इतक्यात दुसरा हॉर्न, जणू घाई झाल्याप्रमाणे, मूळ घराचा विषय आधीच वाजवू लागतो. दोन वेगळे संवाद एकमेकांवर आदळतात. रीस बेथोव्हनच्या शेजारी उभा होता. त्याला वाटले, वादकाने मात्रा चुकवली. तो हॉर्नवाल्यावर चरफडला आणि हे किती कर्णकटू आहे असे म्हणाला. गुरूने त्याच्या कानशिलात भडकावण्याचेच काय ते बाकी ठेवले, आणि पुष्कळ दिवस त्याला क्षमा केली नाही. आज या जागेवर प्रबंध लिहिले जातात. पण त्या दिवशी, त्या दालनात, कर्त्याच्या सर्वांत जवळच्या शिष्यालाही ती चूकच वाटली होती. अशी जागा प्रथमच सार्वजनिक रंगमंचावर, तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे, अपुऱ्या तालमीनिशी वाजली असती, तर काय झाले असते याची कल्पना ७ एप्रिल १८०५ च्या पहिल्या जाहीर कार्यक्रमावरून येते. सज्जातला एक प्रेक्षक ओरडला की हे थांबवणार असाल तर मी आणखी एक क्रॉयत्सर देतो, असे चेर्नीने नोंदवले आहे. आणि तोवर सिंफनी लॉब्कोवित्सच्या घरी पुरेशी घोटली गेली होती.

राजपुत्राला ही रचना कळली का? या प्रश्नाचे उत्तर देताना एक आख्यायिका सांगतात. प्रशियाचा राजपुत्र लुई फेर्डिनांड, जो स्वतः उत्तम पियानोवादक आणि रचनाकार होता, तो लॉब्कोवित्सच्या बोहेमियातील वाड्यावर पाहुणा आला. यजमानाने त्याला नवी सिंफनी ऐकवली. संपल्यावर पाहुण्याने ती पुन्हा ऐकवण्याची विनंती केली. ती झाल्यावर, वादकांना जेवण घालून तासाभराने तिसऱ्यांदा. गोष्ट तपशिलात खरी असो वा नसो, ज्या घरी पाऊण तासाची दुर्बोध रचना एका संध्याकाळी तीनदा वाजू शकते असे लोकांना वाटत होते, ते एकच घर होते. लुई फेर्डिनांड १० ऑक्टोबर १८०६ रोजी झालफेल्डच्या लढाईत मारला गेला. त्याच महिन्यात सिंफनी छापून निघाली, तेव्हा मुखपृष्ठावर एका 'थोर पुरुषा'च्या स्मृतीचा उल्लेख होता, नाव नव्हते. तो पुरुष कोण यावर अभ्यासकांचे वाद आहेत. नाव होते ते खाली, अर्पणाच्या जागी, लंगडत चालणाऱ्या यजमानाचे.

बेथोव्हनला त्याच्याबद्दल आदर होता का, हे सांगणे कठीण आहे. धाक मात्र मुळीच नव्हता. ऑपेराच्या तालमीतली एक हकीकत आहे. तीन बसूनवादकांपैकी एक आला नव्हता आणि बेथोव्हन धुमसत होता. लॉब्कोवित्स चेष्टेने म्हणाला, दोघे तर आहेत, एकाने काय मोठेसे अडते! घरी परतताना बेथोव्हन मुद्दाम वाकडी वाट करून त्याच्या वाड्याच्या दारापाशी गेला आणि आत तोंड घालून 'लॉब्कोवित्सी गाढव' अशी आरोळी ठोकून आला. ज्याच्या घरी हॉर्नवाल्यासाठी जादा पैसे मोजले गेले, त्याला बसूनवाल्याच्या गैरहजेरीची थट्टा सुचावी, यात विनोद आहेच. पण अशी आरोळी ठोकूनही दुसऱ्या दिवशी त्या दारातून आत जाता येत होते, ही त्या घराची खरी ओळख म्हणावी लागेल.

१८०७ च्या आरंभी लॉब्कोवित्स, एस्टरहाझी, श्वार्त्सेनबेर्ग आदी सरदारांच्या एका मंडळीने व्हिएन्नाची दरबारी नाटकगृहे चालवायला घेतली. लॉब्कोवित्सच्या नाशाची सुरुवात इथून झाली असे मला वाटते. घरचा ताफा कितीही मोठा असला तरी त्याला शेवट असतो. नाटकगृहाच्या तोंडाला तळ नसतो. बेथोव्हनने या मंडळाकडे अर्ज केला की वर्षाला २४०० गुल्डन द्या, मी दरवर्षी एक मोठा ऑपेरा लिहून देईन. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. पुढच्या वर्षी, २२ डिसेंबर १८०८ रोजी, त्याने स्वतःच्या जबाबदारीवर कार्यक्रम केला आणि त्यात पाचवी व सहावी सिंफनी प्रथमच जाहीरपणे ऐकवली. साडेसहा ते साडेदहा, चार तास, आणि नाटकगृहात हाडे गोठवणारी थंडी. रायशार्ट लॉब्कोवित्सच्या खासगी सज्जात बसला होता. रंगमंचाच्या अगदी जवळचा सज्जा. त्यातून मधेच उठणे म्हणजे सर्वांच्या, विशेषतः कर्त्याच्या, डोळ्यांवर येणे. राजपुत्र शेवटपर्यंत उठला नाही, म्हणून पाहुण्यालाही उठता आले नाही. तालीम अपुरी होती, एक रचना तर मधेच मोडून पुन्हा सुरू करावी लागली. आश्रयदात्याच्या कर्तव्यांची यादी कोणी केलीच, तर थंडीत चार तास बसून राहणे हे तीत वरच्या क्रमांकावर असावे.

याच सुमारास नेपोलियनचा भाऊ, वेस्टफेलियाचा राजा जेरोम, याने बेथोव्हनला कासेलला बोलावले. वर्षाला सहाशे सोन्याचे डुकाट देऊ केले. तो जाणार अशी बातमी व्हिएन्नात पसरली, आणि तिघे सरदार पुढे आले. १ मार्च १८०९ रोजी करार झाला. एकवीस वर्षांचा आर्चड्यूक रुडॉल्फ १५०० गुल्डन देणार, सत्तावीस वर्षांचा राजपुत्र किन्स्की १८००, आणि छत्तीस वर्षांचा लॉब्कोवित्स ७००. एकूण ४००० गुल्डन दरसाल, तहहयात. मोबदल्यात बेथोव्हनने काय करायचे? व्हिएन्नात किंवा सम्राटाच्या मुलखात राहायचे, एवढेच. एकही रचना लिहून देण्याची अट नाही, अर्पणाची नाही, हजेरीची नाही. उदरनिर्वाहाच्या चिंतेतून मुक्त असल्याशिवाय माणूस मोठी निर्मिती करू शकत नाही, अशी भूमिका करारात स्पष्ट शब्दांत घेतलेली आहे.

मराठीत आपण यालाही 'राजाश्रय' म्हणून मोकळे होतो. 'आश्रय' या शब्दात छाया आहे, झाड आहे, त्याच्या तळी बसलेला कोणी तरी आहे. १८०९ च्या कागदात यांतले काहीच नाही. तो एक करारनामा आहे, त्यावर सह्या आहेत, आणि सह्या असलेला कागद न्यायालयात नेता येतो. हायडनने एस्टरहाझींकडे नोकरी केली तेव्हा तो दरबारी पोशाख घालून हुकमाची वाट पाहत असे. बेथोव्हनला पोशाख नको होता, म्हणून त्याला कागद मिळाला. कलावंताच्या स्वातंत्र्याच्या इतिहासात या कागदाचे स्थान मोठे आहे, यात शंका नाही. पण दालनात बसून तालीम ऐकण्याचे नाते आणि हप्ता चुकला म्हणून दावा लावण्याचे नाते ही दोन वेगळी नाती आहेत, आणि हे दुसरे नाते लॉब्कोवित्सच्या वाट्याला त्याच्या आयुष्यातील सर्वांत वाईट काळात आले.

करारावरची शाई वाळते न वाळते तोच, मे महिन्यात, फ्रेंच फौजांनी व्हिएन्नावर तोफा डागल्या. युद्धाचा खर्च भागवण्यासाठी ऑस्ट्रियाने कागदी नोटा छापत राहण्याचा मार्ग आधीपासूनच धरला होता. १८११ च्या मार्चमध्ये सरकारने फर्मान जाहीर केले: जुन्या पाच नोटांना नव्या चलनाची एक. जुन्या करारांसाठी ते ज्या महिन्यात झाले त्या वेळच्या भावाचे कोष्टक लावायचे होते. मार्च १८०९ च्या कोष्टकाने बेथोव्हनचे ४००० गुल्डन सुमारे १६१२ होत होते. रुडॉल्फने आपला वाटा नव्या चलनात पुरा देण्याचे ताबडतोब मान्य केले. किन्स्कीने तोंडी मान्य केले, साठ डुकाट हातावर ठेवले, आणि लेखी हुकूम देण्यापूर्वी नोव्हेंबर १८१२ मध्ये घोड्यावरून पडून मेला. लॉब्कोवित्सकडून सप्टेंबर १८११ पासून काहीच येईना; जवळजवळ चार वर्षे आले नाही.

का आले नाही, याचे उत्तर साधे आहे. त्याच्याकडे नव्हते. वादकांचे पगार, नाटकगृहाचा तोटा, चलनाची घसरण या सर्वांनी मिळून युरोपातल्या एका श्रीमंत घराण्याचा धनी कर्जात बुडाला होता. मिळकतीचा कारभार त्याच्या हातून काढून दुसऱ्यांकडे सोपवण्यात आला. स्वतःच्याच जमिनीच्या उत्पन्नावर त्याची सही चालेना. बेथोव्हनला हे दिसत नव्हते, किंवा दिसूनही त्याची सोय नव्हती. तो बहिरा होत चालला होता, वादनातून मिळणारे उत्पन्न संपले होते. त्याने वकील गाठले, पत्रांवर पत्रे लिहिली, राजपुत्राबद्दल नको ते बोलला. दोघांपैकी कोणाचीही बाजू घेण्याची गरज नाही. सरकारने एका सकाळी चलनाचा पाचवा हिस्सा केला की धनको आणि ऋणको दोघेही आपल्याला फसवले गेले असेच मानतात.

१८१४ च्या डिसेंबरअखेर लॉब्कोवित्सने प्रागहून आर्चड्यूक रुडॉल्फला लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. या माणसाबद्दल जे काही लिहिले गेले आहे त्यात मला हे पत्र सर्वांत बोलके वाटते. बेथोव्हनच्या आपल्याशी झालेल्या वागणुकीने समाधान वाटावे असे काही नाही, हे तो स्वच्छ सांगतो. पण एक संगीतवेडा म्हणून आपल्याला आनंद आहे की त्याच्या थोर कृतींची आता लोकांना कदर वाटू लागली आहे. मग तो 'फिडेलिओ'बद्दल बोलतो. प्रागला त्या हिवाळ्यात कार्ल मारिया फॉन वेबरने हा ऑपेरा बसवला होता. लॉब्कोवित्सला त्याची संहिता आवडली नाही, संगीत विलक्षण आवडले; मात्र दोन अंकांच्या अखेरची समूहगाने त्याच्या मनास येत नाहीत. हे दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरच्या, दावा लागलेल्या प्रतिवादीचे पत्र आहे. कज्ज्याबद्दल दोन ओळी लिहून तो थेट अंतिम समूहगानांकडे वळतो. राग आहे, पण कान शाबूत आहेत. आणि स्तुतीही आंधळी नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी इथे एक गोष्ट पाहावी: ज्याने आपल्यावर फिर्याद केली त्याच्या कृतीबद्दल इतके निवडून, इतके नेमके बोलणे किती समीक्षकांना साधते?

एप्रिल १८१५ मध्ये तडजोड झाली. लॉब्कोवित्सच्या मिळकतीतून ७०० गुल्डन नव्या चलनात, पुरेच्या पुरे, थकबाकीसह मिळू लागले. कोष्टकाप्रमाणे त्याला ते निम्म्याहूनही कमी करता आले असते. किन्स्कीच्या वारसांचा वाटा त्याच वर्षी १२०० वर ठरला होता. म्हणजे १८०० चा करार केलेल्या श्रीमंत घराण्याने तिसरा हिस्सा कापला, आणि बुडालेल्या लॉब्कोवित्सच्या बाजूने काहीच कापले गेले नाही.

जानेवारी १८१६ मध्ये मारिया कारोलिना वारली. त्याच वर्षीच्या वसंतात बेथोव्हनने अलोइस यायटेलेस या तरुण कवीच्या सहा कवितांना चाली दिल्या. टेकडीवर बसलेला एक जण दूर राहिलेल्या प्रियेकडे गाणी पाठवतो आहे, आणि मधले अंतर गाण्यानेच मिटेल अशी आशा धरतो आहे, असा या मालेचा विषय आहे. ती लॉब्कोवित्सला अर्पण करून ऑक्टोबरात छापली गेली. पत्नीवियोगाच्या दुःखात असलेल्या राजपुत्रासाठीच ती रचली गेली असावी, असे मत अलीकडच्या संशोधनात मांडले गेले आहे. तसे असेल तर 'दूरची प्रिया' म्हणजे बेथोव्हनची अज्ञात प्रेयसी, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले वाचन बाजूला ठेवावे लागेल, आणि ते दूरपण या जगातले उरणार नाही. अर्पणपत्रिका वाचण्याचा असाही एक उपयोग असतो.

१५ डिसेंबर १८१६ रोजी बोहेमियातील त्रेबॉन येथे लॉब्कोवित्स वारला. नुकतीच चव्वेचाळीस वर्षे पुरी झाली होती. त्याच्या मुलांचे शिक्षक कार्ल पेटर्स हे बेथोव्हनच्या ओळखीचे. पुढच्या जानेवारीत बेथोव्हनने त्यांच्याकडे गीतमालेच्या दोन प्रती पाठवल्या आणि कळवले की या तयार होईपर्यंत आपल्या प्रिय राजपुत्राच्या मृत्यूची बातमी कानावर येऊ लागली होती, तेव्हा त्या आता थोरल्या मुलाच्या हाती द्याव्यात. दारात गाढव म्हणून ओरडून आलेल्या, वकिलांकरवी वसुली केलेल्या माणसाचे हे शब्द आहेत. १८२३ च्या एप्रिलमध्ये त्याच थोरल्या मुलाच्या, फेर्डिनांडच्या, वाढदिवसासाठी त्याने एक छोटी कॅन्टाटा लिहून दिली, आणि तिचे शब्दही स्वतःच रचले. काव्य म्हणून ते सामान्य आहेत.

बोहेमियातील त्या घराण्याची मिळकत विसाव्या शतकात दोनदा जप्त झाली, आधी नाझींकडून आणि मग १८४८ च्या नव्हे, १९४८ च्या सत्तापालटानंतर. ती परत मिळाली १९८९ नंतर. येझेर्झीच्या वाड्याखालची दरी दगडी कोळशाच्या खाणींनी पोखरून टाकली. संगीताचे कागद मात्र बऱ्याच अंशी टिकले. प्रागच्या किल्ल्यातील लॉब्कोवित्स वाड्यात २००७ मध्ये संग्रहालय उघडले, आणि तिथे बेथोव्हनच्या सिंफनींच्या त्या काळच्या वादनप्रती, वादकांच्या आणि दुरुस्त्या करणाऱ्यांच्या खुणांसह, काचेआड पाहायला मिळतात. सातशे गुल्डनांचा हप्ता राजपुत्राच्या मृत्यूनंतरही चालू राहिला. १८२७ च्या मार्चमध्ये बेथोव्हन वारला, तेव्हा तो थांबला.